दहा गुणांचा खेळ

दुहेरीची फायनल सुरू झाली की स्टेडियममधले निम्मे लोक चहा प्यायला उठतात, ही माझी जुनी तक्रार आहे. एकेरीला श्वास रोखून बसलेली माणसं दुहेरीला मोबाइल काढतात. वर्तमानपत्रांचंही तेच. एकेरीच्या विजेत्याला फोटोसकट चार कॉलम, दुहेरीला तळाशी दोन ओळी, आणि त्यातही एखाद्या जोडीदाराचं नाव चुकलेलं. दुहेरी म्हणजे ज्यांना एकेरी जमलं नाही त्यांची सोय, असं मानणारे तर आमच्या घरातच आहेत. त्यांच्याशी वाद घालून थकलो, म्हणून आता दिवाळी अंकाची ऐसपैस जागा मिळाल्यावर एकाच माणसाच्या फायनल घेऊन बसतो. माणूस रोहन बोपण्णा. कुर्गचा. पण त्याच्या कारकिर्दीतले काही मोलाचे दिवस आमच्या मावळच्या वेशीवर, बालेवाडीला गेलेत, आणि त्याच्या एका सोन्याच्या फायनलमध्ये त्याच्या शेजारी आपली श्रीरामपूरची मुलगी उभी होती.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दुहेरीची फायनल दोन-चार गुणांवर फिरते आणि ते गुण कुणाच्या पदरात पडतील हे भल्याभल्यांच्या हातात नसतं. हातात असतं ते एवढंच, की मिळेल त्या जोडीदाराला घेऊन पुन्हा फायनलपर्यंत यायचं. बोपण्णा हे वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत करत राहिला. म्हणून त्याने किती फायनल जिंकल्या यापेक्षा हरल्यावर तो पुन्हा कसा आला, याचं मला जास्त वेड आहे.

कोरडी माहिती उरकून टाकू. जन्म ४ मार्च १९८०. वडील कॉफीचे बागायतदार. टेनिस सुरू केलं अकराव्या वर्षी, या खेळाच्या मानाने उशिराच. पोरवयात पुण्याला नंदन बाळ यांच्या अकादमीत शिक्षण. २००२ मध्ये डेव्हिस कपमध्ये पदार्पण, २००८ मध्ये लॉस एंजेलिसला एरिक ब्युटोरॅकबरोबर पहिलं एटीपी विजेतेपद. पुढे एकूण २६ विजेतेपदं, त्यांत सहा मास्टर्स. ग्रँड स्लॅमच्या सहा फायनल, तीन पुरुष दुहेरीच्या आणि तीन मिश्र दुहेरीच्या. दोन्हीकडे एकेक जिंकली. २०२४ मध्ये पद्मश्री. झालं.

आता माझ्या आवडीच्या कोपऱ्यात शिरतो. लोणावळ्याला माझ्या मामांच्या शेजारच्या बंगल्यात लाल मातीचं एक कोर्ट होतं. लोणावळ्याच्या पावसात चार महिने त्यावर शेवाळ चढायचं. दसरा झाला की मामा आणि बंगल्याचा माळी मिळून ते खरवडायचे, चाळलेली माती पसरायचे, पाणी मारून दगडी रूळ फिरवायचे आणि मग सुतळी ताणून फक्कीने रेषा आखायचे. एकेरीची आतली रेषा मामा कधी आखत नसत. “चौघं ताटकळत बसलेत आणि दोघांनीच काय खेळायचं?” असं म्हणायचे. त्यामुळे टेनिसचं कोर्ट म्हणजे दुहेरीचंच, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद असतं, दुहेरीचं ३६. दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फुटांची पट्टी वाढते. कागदावर हिशेब केला तर दुहेरीत एकेकाच्या वाट्याला १८ फूट येतात, म्हणजे एकेरीपेक्षा नऊ फूट कमी. यावरूनच लोक समजतात की हा निवांत, पोट सुटलेल्यांचा खेळ. पण चौघंही जाळीकडे धावतात तेव्हा चेंडूला जायला वेळच उरत नाही. डोळ्यांनी बघून मेंदूने ठरवायचं आणि मग हात हलवायचा, एवढी सवड नसते. हात आधीच हललेला लागतो. शिवाय दोघांच्या मधली फट कुणाची, हा सनातन प्रश्न असतोच. “चेंडू तुझा की माझा हे विचारावं लागलं, की पॉइंट गेला,” हे मामांचं वाक्य. त्यांनी ते मला कितीदा ऐकवलं असेल कोण जाणे, कारण तेवढ्यांदा मी विचारलं होतं.

दुसरी गोष्ट नियमाची. व्यावसायिक दुहेरीत हल्ली बहुतेक स्पर्धांत तिसरा सेट पूर्ण खेळत नाहीत. एकेक सेट झाला की थेट दहा गुणांचा टायब्रेक. आधी दहा गुण करील आणि दोनने पुढे असेल तो जिंकला. सर्व्हिस चौघांत फिरते. पहिल्याने एक करायची, मग प्रत्येकाने दोन-दोन. दर सहा गुणांनी बाजू बदलायची. टायब्रेक १०-४ असा संपला तर एकूण चौदाच गुण झाले, म्हणजे एका खेळाडूच्या वाट्याला जेमतेम तीन-चार सर्व्हिस. दीड तास घाम गाळायचा आणि निकाल दहा-बारा मिनिटांत. जुने रसिक याला जुगार म्हणतात. मी म्हणत नाही. एरवीचा सेट चूक पोटात घालतो, एक गेम गेला तर पुढचा असतो. इथे चूक केली की ती फलकावर तशीच राहते आणि जोडीदार शेजारी उभा असतो. त्या क्षणी त्याच्याकडे कसं बघायचं, याची परीक्षा दुसऱ्या कुठल्याच खेळात इतकी कडक होत नसेल.

बोपण्णाची पहिली ग्रँड स्लॅम फायनल २०१० ची, अमेरिकन ओपन. जोडीदार पाकिस्तानचा ऐसाम-उल-हक कुरेशी. ‘इंडो-पाक एक्सप्रेस’ हे नाव तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. फायनलला प्रेक्षकांत भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांचे संयुक्त राष्ट्रांतले राजदूत येऊन बसले होते. समोर बॉब आणि माइक ब्रायन, जुळे भाऊ, म्हणजे तुझा की माझा हा प्रश्न आईच्या पोटातच सुटलेला. निकाल ब्रायन भावांच्या बाजूने, ७-६, ७-६. दोन्ही सेट टायब्रेकवर गेले, बोपण्णा-कुरेशीला एकात पाच आणि दुसऱ्यात चार गुण मिळाले. एकेका टायब्रेकमध्ये दोन चेंडू इकडचे तिकडे झाले असते तर नकाशा वेगळा दिसला असता. पण झाले नाहीत. बोपण्णा तेव्हा तिशीत होता. पुरुष दुहेरीच्या पुढच्या ग्रँड स्लॅम फायनलसाठी त्याला तेरा वर्षं लागणार होती, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

दुहेरीचं जग लहान आहे आणि विचित्रही. २०११ मध्ये बोपण्णाने पॅरिस मास्टर्स जिंकली ती कुरेशीबरोबर. पुढच्याच वर्षी तीच स्पर्धा त्याने महेश भूपतीबरोबर जिंकली, आणि फायनलला समोर होता कुरेशीच, या वेळी ज्याँ-ज्युलियन रॉयेरबरोबर. काल पाठीमागे हात लपवून ज्याला खुणा करत होतास, त्याला आज जाळीपलीकडून फसवायचं. मामा म्हणायचे की दुहेरीच्या खेळाडूने जोडीदाराला सगळं सांगू नये. आम्हाला तो त्यांचा तिरसटपणा वाटायचा.

या लहान जगाचं सगळ्यात लखलखीत उदाहरण म्हणजे गॅब्रिएला डाब्रोव्स्की. २०१७ ची फ्रेंच ओपन, मिश्र दुहेरी. कॅनडाची डाब्रोव्स्की आणि बोपण्णा, समोर अॅना-लेना ग्रोनेफेल्ड आणि कोलंबियाचा रॉबर्ट फाराह. पहिला सेट २-६ गेला, दुसरा ६-२ आला. मग दहाचा टायब्रेक. त्यात यांच्यावर दोन मॅच पॉइंट आले, दोन्ही वाचवले आणि १२-१० असा सामना काढला. बोपण्णाचं पहिलं ग्रँड स्लॅम. लिअँडर पेस, भूपती आणि सानिया मिर्झा यांच्यानंतर ग्रँड स्लॅम जिंकणारा तो चौथा भारतीय. तो सामना मी तळेगावात टीव्हीसमोर बसून पाहिला आणि १२-१० झाल्यावर घरातल्या झोपलेल्या माणसांना उठवलं. त्याबद्दल अजून ऐकून घेतो. पुढच्या जानेवारीत मेलबर्नला पुन्हा मिश्र दुहेरीची फायनल आली. या वेळी बोपण्णाची जोडीदार हंगेरीची टिमिया बाबोस, आणि जाळीपलीकडे कोण? डाब्रोव्स्की, माटे पाविचबरोबर. पुन्हा दहाचा टायब्रेक. या वेळी ९-११. सात-आठ महिन्यांच्या अंतराने दोन फायनल, दोन्ही अगदी शेवटच्या दोन गुणांवर ठरलेल्या, एक इकडे आणि एक तिकडे. माझ्या म्हणण्याला याहून मोठा पुरावा मला देता येणार नाही.

आता बालेवाडी. मावळातल्या माणसाच्या नशिबात खेळांच्या बाबतीत एक गंमत आहे. क्रिकेटचं मोठं स्टेडियम आमच्या तालुक्यातच, गहुंजेला, द्रुतगती मार्गाला लागून. आणि तिथून बंगळूरच्या रस्त्याला लागून थोडं पुढे गेलं की श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल. ते १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलं गेलं. आयपीएलच्या दिवसांत गहुंजेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगा लागतात. टेनिससाठी निघालेला माणूस त्याच रस्त्याने आरामात जातो. चेन्नईत १९९७ पासून होणारी एटीपी स्पर्धा २०१८ मध्ये बालेवाडीला आली आणि ‘महाराष्ट्र ओपन’ झाली, तेव्हा मला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. लोणावळा-पुणे लोकलने आकुर्डीला उतरायचं, तिथून रिक्षा. जानेवारीची थंडी, अंगात स्वेटर, पिशवीत घरच्या दशम्या.

२०१९ ची स्पर्धा मला पाठ आहे. उपांत्यपूर्व फेरीत बोपण्णा आणि दिविज शरण विरुद्ध लिअँडर पेस आणि मेक्सिकोचा मिगेल अँजेल रेयेस-वारेला. पेस तेव्हा ४५ वर्षांचा. जेमतेम नऊ महिन्यांपूर्वी चीनमधल्या तियानजिनला पेस आणि बोपण्णा एका बाजूने खेळले होते आणि पेसने डेव्हिस कपमधल्या दुहेरीतला ४३ वा विजय मिळवून विक्रम केला होता. त्याच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, हाच विक्रम बालेवाडीत न्यूझीलंडविरुद्ध व्हायचा होता. पेस आणि विष्णू वर्धन हरले आणि आम्ही हात चोळत घरी गेलो. असो, भरकटलो.

तर त्या सामन्यात टाळ्या कुणासाठी वाजवायच्या हे स्टेडियमला कळत नव्हतं. पेसने जाळीपाशी एखादी व्हॉली नुसती रॅकेट लावून टाकली की सगळे ओरडायचे, आणि लगेच बोपण्णाची सर्व्हिस धाडकन आली की तेच लोक पुन्हा ओरडायचे. पहिला सेट पेसच्या जोडीने टायब्रेकवर घेतला. दुसरा बोपण्णा-शरणने ६-४. मग दहाचा टायब्रेक, आणि तो दहाला संपेना. बाराला संपेना. पंधराला संपेना. बाजू बदलून बदलून खेळाडूंना टॉवेल कुठे ठेवलाय ते आठवेना. शेवटी १७-१५, बोपण्णा-शरण. ३२ गुण! माझ्या शेजारी बसलेले एक आजोबा प्रत्येक गुणाला रुमालाची गाठ आवळत होते. सामना संपल्यावर ती गाठ त्यांना सुटेना, मी सोडवून दिली.

फायनल ५ जानेवारीला झाली. समोर ब्रिटनचे ल्यूक बँब्रिज आणि जॉनी ओमारा. ६-३, ६-४. उपांत्यपूर्व सामन्याच्या मानाने सरळ सामना, पण मी कोर्टाच्या मागच्या बाजूला बसलो होतो आणि तिथून जे दिसतं ते टीव्हीवर नीट कळत नाही. शरण डावखुरा. बोपण्णा सर्व्हिसला उभा, शरण जाळीपाशी वाकलेला, आणि त्याचा एक हात पाठीमागे. दोन बोटं, मग मूठ. बोपण्णा मान हलवतो. मूठ म्हणजे बहुधा ‘जागेवर थांबतो’ आणि पंजा उघडला तर ‘मधे झेपावतो’, असा माझा अंदाज होता. पुढचे काही गेम मी चेंडूकडे न बघता फक्त तो हात बघत बसलो. खूण बघायची, सर्व्हिस कुठे पडते ते बघायचं आणि मग शरण हलतो का ते. सर्व्हिस दोन रेषांच्या सांध्यावर, मधोमध पडली की परतणारा चेंडू कोनात मारता येत नाही, आणि तोवर शरण तिथे पोचलेला असायचा. गुण संपला की बोपण्णा दोन पावलं पुढे यायचा, हाताला हात लागायचा, तोंडाजवळ चेंडू धरून दोन शब्द, पुन्हा बेसलाइन. जिंकलेल्या गुणानंतरही आणि हरलेल्या गुणानंतरही, तितकीच दोन पावलं. दिवसभरात मी काय पाहिलं, तर ती दोन पावलं.

हीच जोडी आदल्या ऑगस्टमध्ये जकार्ताला आशियाई सुवर्ण जिंकून आली होती. तिथल्या फायनलमध्ये समोर कझाकस्तानचा अलेक्झांडर बुब्लिक होता. नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. बालेवाडीत बोपण्णा २०२२ मध्येही जिंकला, या वेळी रामकुमार रामनाथनबरोबर. ऑस्ट्रेलियाच्या ल्यूक सॅव्हिल आणि जॉन-पॅट्रिक स्मिथविरुद्ध पहिला सेट टायब्रेकमध्ये १०-१२ असा गेला, दुसरा ६-३, आणि शेवटचा टायब्रेक १०-६. २०२३ नंतर ही एटीपी स्पर्धा पुण्यात झाली नाही. आता चॅलेंजर स्पर्धा होतात. त्याही बघाव्यात. २०२४ ला इथली चॅलेंजर जिंकून गेलेला मोनाकोचा व्हॅलेंटिन व्हाशेरो पुढच्याच वर्षी शांघाय मास्टर्स जिंकून बसला. पण तो एकेरीवाला, त्याचं कौतुक इतर करतील.

मधल्या काळात बोपण्णाचे गुडघे गेले होते. दोन्ही गुडघ्यांतली कूर्चा झिजून संपली होती, हे त्याने स्वतःच सांगितलंय. २०२१ मध्ये महिनोन् महिने विजय मिळेना, तेव्हा आता थांबावं असं बायकोला सांगण्यापर्यंत गोष्ट गेली होती. या काळात त्याला उभं केलं ते अय्यंगार योगाने, असं तो सांगतो. आणि इथे माझ्यातला पुणे जिल्हावासी ताठ बसतो. बी. के. एस. अय्यंगार मूळचे कोलारकडच्या बेळ्ळूरचे. गुरू कृष्णमाचार्यांनी त्यांना १९३७ मध्ये पुण्याला पाठवलं, वय अठरा, आणि बोलावणं होतं डेक्कन जिमखान्याचं, तेही सहा महिन्यांसाठी. ते सहा महिने जन्मभर पुरले. दोऱ्या, पट्टे, खुर्च्या, लाकडी ठोकळे यांचा आधार घेऊन ताठर शरीरालाही आसनात बसवायचं, हे त्यांचं शास्त्र इथेच घडलं. ज्या जिमखान्यावर पिढ्यान् पिढ्या पुणेकर टेनिस खेळले, तिथे शिकवायला आलेल्या तरुणाची विद्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी एका टेनिसपटूच्या गुडघ्यांना उपयोगी पडली.

विषय निघालाच आहे तर लोणावळ्याचं कैवल्यधामही सांगतो. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी ते सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं. आसन केल्यावर शरीरात नेमकं काय होतं हे यंत्रं लावून, क्ष-किरण चित्रं काढून तपासायचं, हा त्यांचा ध्यास. मामा सकाळी तिकडे जायचे आणि संध्याकाळी कोर्टावर. त्यांचे गुडघे सत्तरीतही कुरकुरत नव्हते. बोपण्णाचा कैवल्यधामाशी संबंध नाही, पण मावळातला माणूस योगाबद्दल लिहिताना लोणावळा वगळेल तर त्याला गावात फिरणं मुश्कील होईल.

आता २०२३, माझ्या मते त्याचं सगळ्यात भरगच्च वर्ष. २७ जानेवारीला मेलबर्नच्या रॉड लेव्हर अरीनात सानिया मिर्झाबरोबर मिश्र दुहेरीची फायनल. सानियाची शेवटची ग्रँड स्लॅम. ब्राझीलच्या लुइसा स्टेफानी आणि राफेल मातोसकडून ६-७, २-६ अशी हार. भाषणात सानियाचे डोळे भरून आले. चौदाव्या वर्षी तिचा मिश्र दुहेरीतला पहिला जोडीदार रोहनच होता, हे तिने सांगितलं. मार्चमध्ये मॅथ्यू एब्डनबरोबर इंडियन वेल्स जिंकली, तीही दहाच्या टायब्रेकवर, १०-८. वय ४३. मास्टर्स जिंकणारा इतका वयस्कर खेळाडू याआधी झाला नव्हता. हा एब्डन कोण? ऑस्ट्रेलियाचा. २०२० मध्ये बंगळूरच्या चॅलेंजरला तो पेसबरोबर फायनल खेळला होता. म्हटलं ना, जग लहान आहे.

सप्टेंबरात अमेरिकन ओपनची फायनल, तेरा वर्षांनी. राजीव राम आणि जो सॅलिसबरीविरुद्ध पहिला सेट ६-२ घेतला, पुढचे दोन ३-६, ४-६ गेले. पण त्या सामन्यातला एक क्षण मी पुन्हा पुन्हा लावून पाहतो. निर्णायक सेट चालू होता. गुण यांच्या बाजूने गेला होता. बोपण्णा पुढे झाला आणि चेंडू पलीकडे जाण्याआधी आपल्या हाताला घासून गेल्याचं सांगून त्याने तो गुण सोडून दिला. पंचांनी पाहिलं नव्हतं, समोरच्यांनी मागितलं नव्हतं. ग्रँड स्लॅमची फायनल, तिसरा सेट, आणि वय ४३. असं करताना जोडीदाराचा गुणही आपण देत असतो, हे दुहेरीतलं कठीण प्रकरण. एब्डनने तक्रार केली नाही. चांगली जोडी मी यावरून ओळखतो.

महिना संपता संपता हांगझोऊच्या आशियाई स्पर्धा. युकी भांबरीबरोबर पुरुष दुहेरीत उझबेकिस्तानच्या जोडीने लवकरच घरी पाठवलं. मोठा धक्का होता तो. उरली मिश्र दुहेरी, आणि जोडीदार ऋतुजा भोसले. जन्म श्रीरामपूरचा, १९९६ चा. वडील पोलिस खात्यात. पुण्यात खेळून वाढलेली, नंतर टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून अमेरिकेतलं कॉलेज टेनिस खेळून आलेली. मिश्र दुहेरीत बाईला लक्ष्य करायचं, ही सगळ्या जगाची ठरलेली चाल. सर्व्हिस तिच्यावर, जोरकस फटका तिच्या अंगावर, आणि पुरुषाने मधे झेपावून सगळं आपल्याकडे घ्यायचं. बोपण्णाने हे केलं असतं तर ऋतुजा निव्वळ पाहुणी झाली असती. त्याने तिची बाजू तिच्याकडे ठेवली. उपांत्य फेरीत तैवानच्या एका जोडीला ६-१, ३-६, १०-४ हरवलं. ३० सप्टेंबरला फायनल, समोर पुन्हा तैवानचेच लिआंग एन-शुओ आणि हुआंग त्सुंग-हाओ. पहिला सेट २-६. घरात सगळे गप्प. दुसरा ६-३. आणि मग दहाचा टायब्रेक, जो मी सोफ्यावर न बसता उभ्याने पाहिला. १०-४. दोन सामने, दोन टायब्रेक, दोन्ही १०-४. भारतीय टेनिसचं त्या स्पर्धेतलं एकमेव सुवर्ण. बोपण्णाच्या सगळ्या फायनलमधली मला हीच जास्त आवडते, हे मान्य करायला मला काही संकोच वाटत नाही. ती ग्रँड स्लॅम नव्हती, पैसेही नव्हते. पण बरोबरच्या खेळाडूला मोठं करून जिंकणं ही दुहेरीची खरी करामत, आणि ती इथे दिसली.

२७ जानेवारी २०२४. सानियाबरोबर हरला त्याला बरोबर वर्ष झालं, तेच मैदान. बोपण्णा आणि एब्डन विरुद्ध इटलीचे सिमोने बोलेल्ली आणि अँड्रिया वावासोरी. पहिला सेट टायब्रेकला गेला आणि तो ७-० असा संपला. दुसरा ७-५. पुरुष दुहेरीतलं पहिलं ग्रँड स्लॅम, ग्रँड स्लॅमच्या ६१ व्या प्रयत्नात. खुल्या टेनिसच्या काळात पुरुष दुहेरीचं ग्रँड स्लॅम जिंकणारा सर्वांत वयस्कर खेळाडू तोच, आणि दोन दिवसांनी जागतिक क्रमवारीत पहिला. त्या स्थानावर पहिल्यांदा पोचणाराही सर्वांत वयस्कर तोच. मार्चअखेर मायामी जिंकली, अर्थात दहाच्या टायब्रेकवर, १०-६.

शेवट झाला पॅरिसला. १ नोव्हेंबर २०२५ ला त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याआधीचा शेवटचा सामना पॅरिस मास्टर्सच्या पहिल्या फेरीत, जॉन पीअर्स आणि जेम्स ट्रेसीविरुद्ध. ५-७, ६-२, ८-१०. शेवटही त्या टायब्रेकवरच. आणि शेजारी जोडीदार कोण? अलेक्झांडर बुब्लिक, ज्याला जकार्ताच्या फायनलमध्ये त्याने हरवलं होतं.

पुण्याच्या बाजूने या सगळ्याला एक शेपूट आहे. १९९२ मध्ये विम्बल्डनच्या मुलांच्या दुहेरीत महेश भूपतीबरोबर फायनल खेळला तो पुण्याचा नितीन कीर्तने. तिसरा सेट ७-९ असा हरले. १९९४ मध्ये हिरोशिमाला पेसबरोबर आशियाई दुहेरीचं सुवर्ण घेतलं ते गौरव नाटेकरने, बॅडमिंटनच्या नंदू नाटेकरांच्या मुलाने. ही नावं आता किती जणांना आठवतात? दुहेरी खेळलेत ना, मग विसरणारच. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कझाकस्तानात, अल्माटीला, पुण्याच्या अर्जुन काढेने ऋत्विक चौधरी बोल्लिपल्लीबरोबर एटीपी विजेतेपद जिंकलं. ३-६, ७-६, १४-१२. बातमी वाचली आणि मी आधी शेवटचा आकडाच पाहिला. काढे तेव्हा तिशीचा. न्यूयॉर्कची ती पहिली फायनल हरला तेव्हा बोपण्णाही तिशीचाच होता, आणि मेलबर्न जिंकायला त्याला आणखी तेरा वर्षं लागली. काढेला किती लागतील आणि मधल्या किती फायनल दोन गुणांनी जातील, हे कुणी सांगावं? जोडीदार मिळत राहावेत आणि गुडघे टिकावेत. बाकी वाट बघायला आम्ही मावळातले लोक तयार आहोत.